विद्रोही मंडळींची ओळख करून देताना

दिवसा मी नागपुरात सदरमधल्या एका विम्याच्या ऑफिसात बसते आणि लोकांना त्यांच्या मरणाविषयी गोड आवाजात प्रश्न विचारते. संध्याकाळी कुणी बोलावलं तर निवेदन करते. भावगीतांच्या मैफिली, कोजागिरी, सेवानिवृत्तीचे सत्कार, कॉलनीतला गणपती. आवाज दोन्हीकडे तोच लागतो. हुडकेश्वरला आमच्या भागात मला 'त्या निवेदनवाल्या काकू' म्हणून ओळखतात, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतं.

त्यामुळे एके दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला आणि पलीकडचा मुलगा म्हणाला, "काकू, एका कार्यक्रमाचं अँकरिंग करता काय?" तेव्हा मी आधी हो म्हटलं आणि मग कार्यक्रम कसला ते विचारलं. त्याचं सदरमध्ये कॉफीचं दुकान होतं. ठरलेल्या अँकरला ऐन वेळी पुण्यात नोकरी लागली होती, आणि माझा नंबर त्याला आमच्या गणपती मंडळाकडून मिळाला होता.

"विद्रोही टाइप कार्यक्रम आहे काकू," तो म्हणाला. "बिनधास्त बोलणारे ग्रुप आहेत. कोणाले भीत नाहीत."

विद्रोही म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर खांद्याला झोळी, वाढलेली दाढी आणि माइकवर टकटक करून 'माझी कविता तशी छोटीच आहे' म्हणणारे गृहस्थ आले. अशा कवींचे कार्यक्रम मी केलेले आहेत. त्या छोट्या कवितांमध्ये मी मनातल्या मनात आठवडाभराच्या भाज्या ठरवल्या आहेत. म्हणून मी सावधपणे विचारलं, "एकेकाचं किती वेळ चालतं?"

"दीड-दोन मिनिटं."

दोन मिनिटांत खाली बसणारा विद्रोही मी पाहिलेला नव्हता. मी त्याच क्षणी होकार दिला.

खरा प्रकार कळला तो त्यानं पाठवलेल्या चित्रफितीतून. चहा झाल्यावर मी आणि माझे यजमान फोन टेबलावर ठेवून ऐकायला बसलो. आधी मला वाटलं फोन बिघडला. मग वाटलं, शेजाऱ्यांनी घराचं काम काढलं. यजमान वीज खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी डोळे मिटून सबंध गाणं ऐकलं आणि म्हणाले, "अर्थिंग गेलं आहे."

एक पंक बँड होता, म्हणजे ओरडून गाणारा, नागपूरजवळच्या कन्हानचा. एक रॅप करणारी जोडी होती. आणखी एका ग्रुपनं नंतर माघार घेतली, कारण त्यांची सेमिस्टरची परीक्षा आली. पण खरी अडचण वेगळीच होती. कन्हानच्या बँडचं नाव. ते मी इथे लिहिणार नाही. आपल्या नागपुरात ते नाव दिवसभर कानावर पडतं, पण सहसा मोठ्यांसमोर कुणी घेत नाही. निवेदिकेचं पहिलं काम कलावंतांचं नाव स्पष्ट घेणं. मी आयुष्यभर नावंच स्पष्ट घेत आले आहे.

मी कॉफीवाल्याला फोन करून नाही म्हणणार होते. तेवढ्यात कॉलनीच्या ग्रुपवर पोस्टर येऊन पडलं. काळ्या रंगावर लाल अक्षरं, डाव्या बाजूला पैठणीतला माझा हात जोडलेला फोटो आणि उजव्या बाजूला दात विचकलेली मोठी कवटी. सासूबाईंनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं.

"फोटो चांगला आला वं तुहा," त्या म्हणाल्या. "अन् बाजूले कोण आहे?"

आता माघार घेणं शक्य नव्हतं. शेजारपाजारच्या सगळ्यांनी अंगठे टाकून अभिनंदन केलं होतं.

माझा एक नियम आहे. कलावंतांना आधी भेटल्याशिवाय मी त्यांची ओळख करून देत नाही. गुरू कोण, साधना कुठे झाली, पहिला कार्यक्रम कुठला, हे विचारून घेते. रॅपवाल्या जोडीला भेटायला वेळ नव्हता, म्हणून त्यांच्याशी फोनवर बोलले. ते दोघे जावई आणि मेहुणा निघाले. एकाच फोनवर दोघे होते आणि साधं उत्तर द्यायची दोघांनाही सवय नव्हती.

"तुम्ही दोघं एकत्र कसे आलात?" मी विचारलं.

"याची ताई घरी आली, माही शांतता पळून गेली," जावई म्हणाला.

"शांतता कुठी पळाली," मेहुण्यानं लगेच उचललं, "भांडी घासाची पाळी आली, अन् याचीच स्वारी पळाली."

"बरं. शिक्षण?"

"बीकॉम करून नाही काम, रस्त्यावर गातो, राम राम."

फोन ठेवल्यावर यजमानांनी विचारलं, कोण होतं. मी म्हटलं, "जावई आणि मेहुणे, यमकातले पाहुणे." त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

कन्हानच्या मंडळींना मात्र मी रविवारी सकाळी घरी चहाला बोलावलं. तिघं होती. गाणारा मुलगा, त्याचे केस पोपटासारखे हिरवे आणि कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे. गिटारवाला, ज्याच्या दोन्ही कानांत सेफ्टी पिना होत्या आणि जो चहा घेऊन जाईपर्यंत एक शब्द बोलला नाही. आणि ड्रम वाजवणारी एक बारकीशी मुलगी, जिनं बुटांची लांबच लांब नाडी सोडून बूट बाहेर नीट जोडीनं ठेवले. तिघंही आत आली, सासूबाईंच्या पाया पडली आणि सोफ्याच्या कडेवर बसली.

सासूबाई गाणाऱ्या मुलाच्या गुडघ्यांकडे पाहत होत्या.

"काय गा, गाडीवरून पडला काय?"

"नाही आजी."

"मंग प्यांट काहून फाटला?"

"असाच घेतला."

"फाटका इकत घेतला?"

"हो आजी."

"दुकानदार तुह्या नात्यातला होता काय?"

सासूबाई उठल्या, आत जाऊन सुईदोरा घेऊन आल्या आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "पाय इकडे कर. हलू नको, टोचंन." मुलाची सगळी कारकीर्द कुणाचं न ऐकण्यावर उभी होती. त्यानं पाय पुढे केला. सासूबाई टाके घालायला लागल्या आणि त्याच अवस्थेत मी त्याची मुलाखत घेतली.

"तुमचे गुरू कोण?"

"कोणीच नाही. आम्ही गुरू मानत नाही."

"बरं. आणि कोणत्या रागात गाता?"

"भयंकर रागात."

"तसं नाही. राग कोणता?"

तो विचारात पडला. "तसा सगळ्यांचाच आहे."

ड्रमवाल्या मुलीनं त्याला कोपरानं ढोसलं. "काकू तो राग विचारून राहिल्या बे. हा नाही."

"तो येत नाही काकू," तो नम्रपणे म्हणाला.

मी त्याला विचारलं की तुमच्या गाण्याचे शब्द काय असतात, कारण चित्रफितीत मला 'दार' एवढा एकच शब्द लागला होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला. सासूबाईंनी दातानं दोरा तोडला आणि विचारलं, "कोणाचा आहे?"

"आईचा."

"मायचा फोन कापते काय कोणी? आण इकडे."

त्यानं फोन दिला. पुढे बराच वेळ सासूबाई त्याच्या आईशी बोलत होत्या. पोरगं पोचलं का, नाश्ता केला का, इथपासून सुरू होऊन कन्हानला वांगी कशी मिळतात इथपर्यंत ते गेलं. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "तुमी याच कार्यक्रमाले. आमची सून बोलून राहिली. माह्याच बाजूले बसा."

मुलाचा चेहरा केसांसारखाच हिरवा पडला. "आजी, आईले नाही समजत हे गाणं," तो म्हणाला.

"मले तरी कुठी समजते," सासूबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या गुडघ्याकडे वळल्या.

त्या संध्याकाळी त्यानं मला मुख्य गाण्याचे शब्द पाठवले. एकही विराम नाही, सगळं एका दमात लिहिलेलं. मी शुद्धलेखन तपासलं, ओळी पाडल्या आणि वाचून थक्क झाले. गाणं चांगलं होतं.

दार वाजवून ये, सरकार,
हे खोली माही, माहा कारभार.
चारचौघांत माहे मार्क नको सांगू,
कपाट उघडून पुरावे नको मांगू.
माह्या ताटातली भाजी नको मोजू,
उशीखाली काय ते नको शोधू.
मी झोपलो का पंखा नको करू बंद,
हाच काय तुले एकुलता छंद.

भावगीतांच्या कार्यक्रमात गाण्याआधी मी त्याचा आशय सांगते. दोन ओळी म्हणून दाखवते, कवीला काय अभिप्रेत आहे ते उलगडते. लोक त्यासाठीच मला बोलावतात, असं मला तरी वाटतं. तेव्हा इथेही तेच करायचं ठरवलं. खात्रीसाठी मुलाला फोन केला. तो गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी लिहायला बसला होता.

"यातलं सरकार म्हणजे सत्ता, बरोबर ना?"

तो आधी उठून गच्चीचं दार लावून आला. मग म्हणाला, "हो काकू. सत्ताच आहे."

मी पुढचे दोन दिवस ऑफिसात पॉलिसी विकता विकता त्या गाण्याचा अर्थ लावत होते. कपाट उघडणं म्हणजे पाळत. मार्क म्हणजे परीक्षेची जुलमी व्यवस्था. ताटातली भाजी म्हणजे कुणी काय खावं यावर येणारी बंधनं. पंखा बंद करणं म्हणजे भारनियमन, इथे यजमानांचा थोडा विरोध होता, पण मी ठाम राहिले. इतक्या कमी शब्दांत इतकं सगळं सांगणारा कवी कन्हानसारख्या ठिकाणी गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी बसून लिहितो, यानं मला भरून आलं.

कार्यक्रम सदरमधल्याच एका जुन्या सभागृहात होता, संध्याकाळी. मी मोरपंखी पैठणी नेसले होते. सभागृह काळे टी-शर्ट घातलेल्या मुलामुलींनी भरलं होतं आणि त्यांच्यामध्ये, तिसऱ्या रांगेत, सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी एक ठेंगणीशी बाई होती, डोक्यावर पदर, मांडीवर डब्याची पिशवी. ती गाणाऱ्या मुलाची आई. दोघी एकमेकींना जन्मापासून ओळखत असल्यासारख्या बोलत होत्या.

आधी जावई-मेहुणे झाले. मी त्यांची ओळख 'एकाच कुटुंबातली दोन परस्परविरोधी मतं' अशी करून दिली आणि मुलांनी शिट्ट्या मारल्या. माझ्या निवेदनाला शिट्टी पहिल्यांदाच पडत होती. त्या दोघांनी खणलेल्या रस्त्यांना, शिकवणी वर्गांना, लग्नातल्या डीजेंना आणि एकमेकांना मनसोक्त शिव्या घातल्या. खड्ड्यांवरच्या त्यांच्या ओळी इतक्या खऱ्या होत्या की सासूबाईंनी बसल्या जागी कमरेला हात लावला.

मग कन्हानच्या मंडळींची वेळ आली. पडद्यामागे तिघं उभी होती. मुलाच्या पँटचे गुडघे अजून टाक्यांनी बंद होते. मी विचारलं, उसवलं नाही का. तो म्हणाला, "आजी समोर बसल्या आहेत काकू."

मी माइकपाशी गेले. नावाचं काय करायचं ते मी पैठणी नेसताना ठरवलं होतं.

"आता येणाऱ्या कलावंतांचं नाव मी घेणार नाही," मी म्हटलं. "पण चौकात सिग्नल सुटायच्या आधीच मागून कुणी जोरजोरात हॉर्न वाजवला, तर आपण गाडीची काच वर करून जो शब्द उच्चारतो, तोच या तिघांनी आदरानं धारण केला आहे."

मग सगळं सभागृह एका सुरात ते नाव ओरडलं. इतकी एकमुखी दाद मला गणपतीच्या आरतीतही मिळालेली नाही. सासूबाईंनी शेजारी विचारलं, काय म्हणून राहिले, आणि त्या बाईनं त्यांच्या कानात सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली. त्यांच्या माहेरी हा शब्द बैलासाठी वापरत.

मला आता थांबायला हवं होतं. पण दाद मिळाली की निवेदिका थांबत नाही. मी आशय सांगायला घेतला. माझ्या आवाजाविषयी एवढंच सांगते की विम्याच्या ऑफिसात कमी ऐकू येणारे लोकसुद्धा माझं बोलणं शेवटच्या खुर्चीवरून ऐकतात. मी एकेक ओळ सावकाश, सुटी सुटी म्हटली.

"दार वाजवून ये, सरकार," मी म्हटलं. "मित्रहो, हे सरकार म्हणजे कुठला पक्ष नव्हे. ही ती सत्ता आहे, जी परवानगी न घेता आपल्या खोलीत शिरते."

मागून कुणीतरी माझी पैठणी हलकेच ओढली. मला वाटलं वाऱ्यानं.

"कपाट उघडून पुरावे नको मांगू. आज आपल्यापैकी कोण सुरक्षित आहे? कुणाचं कपाट, कुणाची उशी?"

"काकू," मागून गाणाऱ्या मुलाचा बारीक आवाज आला. "काकू, बस झालं."

"माह्या ताटातली भाजी नको मोजू," मी म्हटलं. "विचार करा, ही सत्ता आपल्या ताटापर्यंत आली आहे. आपण झोपलो की ही येते आणि आपला पंखा बंद करते."

तिसऱ्या रांगेत ती ठेंगणी बाई उभी राहिली. डब्याची पिशवी तिनं सासूबाईंच्या मांडीवर ठेवली.

"ताई, एक मिन्ट," ती म्हणाली. "ते सरकार नोय. ते मी आहो."

मागे ड्रमवाल्या मुलीच्या हातातली काडी खाली पडली आणि घरंगळत माझ्या पायापाशी आली. माझ्या सगळ्या आशयाचं काय झालं असेल ते सांगायला नको. पाळत, परीक्षापद्धती, भारनियमन, सगळं त्या एका बाईच्या पदराखाली जाऊन बसलं होतं.

ती पायऱ्या चढून वर आली. मी माइक तिच्या हातात दिला. तो कसा धरायचा ते तिनं कुणाला विचारलं नाही.

"मी दार वाजवत नाही, बराबर आहे," ती लोकांकडे पाहून म्हणाली. तिकडच्या बाया बोलतात तसं ती 'मी सांगतो, मी करतो' असंच बोलत होती. "काहून नाही वाजवत, ते यानं लिहिलं काय? दार वाजवलं का हा म्हणते, थांब. थांबता थांबता वरण गार होते. मंग हाच म्हणते, आई, वरण गार आहे."

मुलं हसायला लागली. तिनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"मार्क सांगतो म्हणते. सांगतोच. गणितात शाळेतून पयला आला होता. झाकून ठेवू काय? संस्कृतातबी चांगले होते."

गाणाऱ्या मुलानं डोळे मिटून घेतले. समोर बसलेल्या काळ्या टी-शर्टवाल्यांच्या मनात त्याची जी काही भीतिदायक प्रतिमा होती, ती संस्कृतपाशी संपली.

"उशीखालचं म्हणाल तर," ती पुढे म्हणाली, "यानं केसाले रंग लावला अन् माह्या घरच्या सगळ्या उश्या हिरव्या झाल्या. सोयरे आले तर मी त्यायले कोणती उशी देऊ? तेच पाहाले उचलतो मी. पुरावे कायचे मांगू, पुरावा धुवून धुवून माहे हात दुखले."

इथे रॅपवाल्या मेहुण्याला राहवलं नाही. त्यानं बाजूनं तोंडानं ठेका धरायला सुरुवात केली. ती वळली. "तू थांब गा जरा, मी बोलून राहिलो ना." मेहुणा थांबला. त्याला कुणीतरी थांबवलं याचा जावयाला जो आनंद झाला तो त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"अन् पंखा," ती म्हणाली. बाकीचं ती मुलांना सांगत होती, हे तिनं एकट्या आपल्या मुलाला सांगितलं. "लहान होता तेव्हा तुले पंख्यानं सर्दी व्हायची. छाती वाजे रातभर. ते सवय राहिली माही. आता नाही करत बंद. सांगाचं ना एकदा मले. गाणं कायले लिहाचं त्याच्यावर."

मुलाचा तुरा त्या झगमगाटात थोडा वाकला होता. मला त्याची दया आली, आणि मला स्वतःचीही थोडी आली, कारण पुढचं सगळं निवेदन माझ्याकडेच होतं आणि मला एकही वाक्य सुचत नव्हतं.

ते कामही तिनंच केलं. "चला, म्हणा आता," ती म्हणाली. "सगळं म्हणा, काही सोडू नका. मी इथंच बसतो." आणि ती स्टेजच्या कडेला ठेवलेल्या मोठ्या स्पीकरवर बसली. कॉफीवाला घाईघाईनं तिच्यासाठी खुर्ची घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "राहू दे, इथून याचं तोंड दिसते."

मुलानं सुरुवात फार हळू केली. आई समोर असताना ओरडायचं कसं हे त्याला जमेना. त्यामुळे झालं असं की त्याच्या गाण्याचा प्रत्येक शब्द पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आला. मी आशय सांगितला नसता तरी चाललं असतं. दुसऱ्या ओळीवर आईनं हातानं खूण केली, जोरात. चौथ्या ओळीवर पुन्हा खूण केली. ड्रमवाल्या मुलीनं ती खूण पाहिली आणि दोन्ही हातांनी जो प्रहार केला त्यानं माझ्या बांगड्या वाजल्या. मग तो जो ओरडला, त्याच्यामागे सगळं सभागृह ओरडलं, दार वाजवून ये, दार वाजवून ये. आई स्पीकरवर बसून प्रत्येक ओळीला मान हलवत होती. 'भाजी नको मोजू' आलं तेव्हा मात्र तिनं बोटानं नाही म्हटलं. तो मुद्दा तिला मान्य नव्हता.

गाणं संपल्यावर सासूबाई पुढे आल्या आणि डबा उघडला. त्यात मेथीचे वडे होते, बँडसाठी आणलेले. पडद्यामागे उभं राहून आम्ही सगळ्यांनी खाल्ले. गिटारवाला तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी बोलला. "काकू," तो म्हणाला, "माझ्या घरी नका सांगू." त्यानंही एक गाणं लिहिलं होतं म्हणे, वडिलांवर.

मी मुलाची माफी मागायला गेले. त्यानं सरकार म्हणजे सत्ता असं मला सांगितलं होतं हे खरं, पण आशय मी सांगितला होता.

"तुमचं काही चुकलं नाही काकू," तो वडा खात म्हणाला. "सत्ताच आहे ते."

जाताना आई त्याच्या मोटारसायकलवर मागे बसली. बसनं येणाऱ्या गिटारवाल्याचं गिटार तिनं पाठीला अडकवलं होतं, कारण पुढे डब्याची पिशवी होती. सदरच्या रस्त्यानं ते गेले तेव्हा मागून फक्त पदर आणि त्याच्या वर गिटारची मान दिसत होती.

त्यानंतर मला वाटलं होतं, ही मंडळी पुन्हा माझं तोंड पाहणार नाहीत. पण चार-पाच दिवसांनी त्याच्या आईचा फोन आला. तिचं म्हणणं असं की मुलाच्या गाण्यातलं तिला काही कळत नाही, तो शब्द गिळतो, पण मी म्हणून दाखवलं तेव्हा सगळं कळलं. तर त्यानं नवीन गाणं लिहिलं की त्यानं ते मला पाठवायचं आणि मी ते फोनवर तिला वाचून दाखवायचं, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "करा काकू, नाही तर ती गच्चीवर येऊन बसते."

त्यामुळे आता मधूनमधून रविवारी दुपारी मी कन्हानला फोन लावते. तिकडे फोन स्पीकरवर असतो, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. मी व्यवस्थेला जाळून टाकायच्या ओळी शांतपणे, सुट्या सुट्या वाचते. ती 'हं, हं' म्हणते. कधी एखादा शब्द विचारते. एका गाण्यात 'भांडवलशाही' आलं तेव्हा मला बरंच समजावून सांगावं लागलं, आणि शेवटी ती म्हणाली, "म्हणजे आमच्या चाळीच्या मालकासारखं."

गेल्या खेपेचं गाणं कोळशाच्या धुळीवर होतं. त्यांच्या घरावरून कोळशाचे ट्रक जातात. मुलानं त्यात काळं आकाश, काळी फुप्फुसं, काळा उद्या असं बरंच घातलं होतं. मी वाचून संपवलं. पलीकडे नेहमीचं 'हं' आलं नाही.

"बराबर नाही वाटलं का?" मी विचारलं.

"बराबर आहे," ती म्हणाली. "पण माह्या दोरीवरच्या कपड्याचं नाही आलं त्याच्यात. लिहा."

मी पेन घेतलं. तिनं दम न घेता सांगितलं, "ताडपत्री बांधाले तुमचे हात काय मोडले, माहे धुतलेले कपडे तुमी दोरीवरच काळे केले."

मी त्या ओळी तशाच मुलाला पाठवल्या. थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं, की ओळी भारी आहेत पण ठेक्यात बसत नाहीत. मी ते त्याच्या आईला वाचून दाखवलं.

"बसव म्हणा त्याले," ती म्हणाली आणि कुकर उतरवायला गेली.